पाहुण्याची बंदूक

बंदूक खांद्याला लावून मी आयुष्यात एकही बार काढला नाही. पण अठरा वर्षं बंदुका माझ्या हातात होत्या, म्हणजे कागदावर. निजामाच्या अमलात परभणी जिल्ह्यातल्या एका ठाण्यात मी मुहर्रिर होतो. मुहर्रिर म्हणजे ठाण्याचा लिहिणारा. लोक मुन्शीजी म्हणायचे. ठाण्याचं नाव सांगत नाही. त्या वेळच्या माणसांची नातवंडं आज चांगल्या नोकऱ्यांत आहेत, त्यांना उगाच खाली बघायला कशाला लावा.

संपादक म्हणाले, ठाण्यातल्या गमती लिहा. गमती पुष्कळ आहेत. पण लिहायला बसलं की एकच गोष्ट आधी पुढं येऊन उभी राहते, आणि ती गमतीसारखी सुरू होते म्हणूनच तिची भीती वाटते. तीच सांगतो. एकदा सांगून टाकली म्हणजे सुटलो.

आधी आमचं काम काय ते समजून घ्या. माणूस ठाण्यात येतो तो रडत, ओरडत, एकातून दुसरं सांगत. म्हशीपासून सुरू करतो आणि मेव्हण्यावर संपवतो. त्यातलं कायद्याला लागेल तेवढं निवडायचं, मराठीतलं उर्दूत उतरवायचं, पुन्हा त्याला मराठीत वाचून दाखवायचं आणि खाली अंगठा घ्यायचा. बाया गव्हातले खडे निवडतात तसंच. फक्त आमच्याकडं गहू कोणता नि खडा कोणता, हे ठाण्याचे अमीनसाहेब ठरवायचे. अमीन म्हणजे आजचा फौजदार समजा. माझं अक्षर मोत्यासारखं होतं, अदालतीत त्याची तारीफ व्हायची. त्या तारिफेवर मी वर्षानुवर्षं छाती काढून चाललो. आज ते आठवलं की माझी मलाच चीड येते.

दुसरं काम बंदुकांच्या नोंदीचं. प्रत्येक बंदुकीला नंबर. जवान गावोगाव गस्तीला निघाला की कोणती बंदूक, किती काडतुसं, कोणत्या वाटेनं, हे सगळं लिहायचं. परत आला की नंबर ताडून पाहायचा, नळीचा वास घ्यायचा. "जवान परत नाही आला तरी चालेल, बंदूक परत आली पाहिजे," असं अमीनसाहेब हसत म्हणायचे. मीही हसायचो. तो विनोद नव्हता हे मला फार उशिरा कळलं.

पोलिसाच्या हातातलं हत्यार घेतलं तर काय होतं, हे आजही कित्येकांना ठाऊक नसतं. लोकांना वाटतं, झोंबाझोंबी झाली, दोन-चार महिने बसेल. तसं नाही. कामावरच्या सरकारी माणसावर जबरी केली, हे एक. त्याच्याकडची सरकारी चीज नेली, हे दुसरं. ती चीज हत्यार निघाली तर तिसरं. आणि घेऊन लपवली तर नियत वाईट होती हे सिद्धच झालं, त्यावर वेगळा पुरावा लागत नाही. अशी एकावर एक कलमं रचत गेलं की माणूस खाली दिसतच नाही.

पण कायदा पुस्तकात एक असतो आणि ठाण्यात एक. मानवतच्या बाजारात एकदा कापसाच्या गाड्यांच्या गर्दीत दोन बैल झुंजले. आमचा एक जवान काठी घेऊन नुसताच उभा. टोपल्या विकणाऱ्या एका बाईनं त्याच्या हातातली काठी हिसकली, बैलांच्या नाकाडावर दोन हाणल्या, झुंज सोडवली आणि काठी परत देताना म्हणाली, "धर. नुसती मिरवायला दिली व्हय सरकारनं?" जवान तणतणत फिर्याद द्यायला आला. अमीनसाहेब पोट धरून हसले. म्हणाले, "लिहा मुन्शीजी, जवानाला काठी धरता येत नाही." अर्थात काहीच लिहिलं नाही. त्या दिवसापासून माझी समजूत अशी, की माणूस निर्मळ असला तर कायदा त्याच्या वाटेला जात नाही. इतका मूर्ख मी होतो.

आता शिवलिंगअप्पांकडं येतो. पेडगावच्या पलीकडं कोस-दीड कोसावर त्यांचं गाव. महादेवाची भक्ती करणारं घर, गळ्यात लिंग, कपाळाला भस्माचे पट्टे. जमीन बेताची, पण दारातून माणूस उपाशी गेला असं कधी झालं नाही. आमच्या भागात एक रीत होती. पाहुणा आला की त्याच्या हातातली काठी, गाठोडं, छत्री, जे असेल ते यजमानानं काढून घ्यायचं. पाहुणा "नको, नको, जायचंय" म्हणत धरून ठेवणार, यजमान ओढणार. ती ओढाताण झाल्याशिवाय पाहुणचाराला तोंड लागत नसे. सहज सोडून दिली तर लोक म्हणत, भुकेला आला होता वाटतं. आणि यजमानानं जोर लावला नाही तर म्हणत, वरवरचं बोलावणं होतं.

अप्पा त्याच्याही पुढं जायचे. काढून घेतलेली वस्तू ते लपवून ठेवत. जेवण झाल्यावरच ती परत मिळे. मी स्वतः एकदा पिकाच्या चोरीचा पंचनामा करायला त्या गावी गेलो होतो. अप्पांनी माझी छत्री अशी ओढली की दांड्याबरोबर मीही ओसरीवर आलो. "अप्पा, सरकारी काम हाय," मी म्हणालो. "मग सरकारला सांगा, शिवलिंगअप्पानं छत्री धरून ठिवली," असं म्हणून ते आत गेले. ज्वारीची भाकरी, वरण, शेंगदाण्याची चटणी, वाटीभर दूध असं जेवलो. आक्कांनी, म्हणजे त्यांच्या मंडळींनी, मी तिसऱ्या भाकरीला नको म्हटलं तर सरळ सांगितलं, "छत्री पायजे ना? मग खा." जेवण झाल्यावर अप्पांनी ओसरीच्या कोपऱ्यातल्या उंच कणगीत हात घालून ज्वारीतून माझी छत्री काढली आणि झटकून दिली. हे मुद्दाम सांगतोय. कारण पुढं जे झालं तेव्हा मला काही ठाऊक नव्हतं, असं म्हणायची सोय मला नाही.

पोलिस ॲक्शनच्या पाच-सहा वर्षं आधीची गोष्ट. वरून सारखे हुकूम येत होते, बंदुका सांभाळा, कोण कुठं नेतो बघा. आमचा एक जवान होता, शेख चाँद. पाच लेकरांचा बाप, स्वभावानं गरीब. दरोड्याची आवई उठली होती म्हणून त्याला बंदूक देऊन त्या बाजूला गस्तीला पाठवलं. बंदुकीची नोंद मीच केली. दुपारी तो अप्पांच्या दारावरून चालला होता. अप्पांनी हाक मारली. हा नेहमीचा पाहुणा, यापूर्वी त्याची काठी कैक वेळा कणगीत गेलेली. या खेपेला खांद्यावर बंदूक होती. चाँद म्हणाला, "नक्को अप्पा, ये बंदूक है." अप्पा म्हणाले, "मग काय झालं? तुझी काठी मोठी झाली." ओढाताण झाली. बंदूक कणगीत गेली. चाँद पट्टा सोडून ओसरीवर पानाशी बसला.

दोन घास झाले असतील, तोच दारात मोटार थांबली. जिल्ह्याचे पोलिसप्रमुख, त्यांना आम्ही मोहतमीमसाहेब म्हणायचो, दौऱ्यावर चालले होते. मोटार तापली होती, पाणी हवं होतं. साहेब खाली उतरले आणि बघतात तो आपला जवान पट्ट्याविना, हात भाकरीत. त्यांनी एकच विचारलं, "बंदूक कुठंय?"

चाँद उष्ट्या हातानं धडपडत उभा राहिला. आणि अप्पांनी काय करावं? मोठा पाहुणा आला म्हणून ते लगबगीनं खाली उतरले आणि साहेबांच्या हातातल्या छडीला हात घातला. "या, बसा," म्हणत ओढली. साहेब दोन पावलं मागं सरकले. मोटारीतले दोघं जवान धावून आले आणि अप्पांना धरलं. "बंदूकही यानंच घेतली?" साहेबांनी विचारलं. तेव्हा चाँद म्हणाला, "हौ जी, हुजूर. छीन लिये."

हे मला तिथं असलेल्या चौघांनी वेगवेगळ्या वेळी सांगितलं आणि चारही वेळा मी थक्क झालो. अमीनसाहेबांबरोबर मी तिथं पोचलो तेव्हा अप्पा आपल्याच ओसरीवर, हात बांधलेले, बसले होते. चेहऱ्यावर भीती नव्हती. काहीतरी घोटाळा झालाय, आता मुन्शीजी आले, ते समजावून सांगतील, असं त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं. मला बघून ते चक्क हसले. बंदूक कणगीतून काढली. नळीत ज्वारी गेली होती, ती मी पंचनाम्यात लिहिली.

मग ठाण्यात अप्पांचा जबाब. अमीनसाहेब उर्दूत विचारत होते, मी मराठीत सांगत होतो.

"बंदूक तुम्ही घेतली?"

"घेतली की."

"त्यानं दिली, का तुम्ही घेतली?"

"पाहुणा आपणहून कुठं देतोय, साहेब? त्यो नकोच म्हणतो. आपण घ्यायची असती."

"जबरदस्तीनं?"

"वढावं लागतंच. चाँदभाई सोडायला तयार न्हवता. मी म्हातारा असलो तरी मनगटात जोर हाय अजून."

हे ते अभिमानानं सांगत होते. माझा हात कागदावर थांबला. अमीनसाहेब म्हणाले, "लिहा."

"मग लपवली?"

"लपवलीच. दिसंल अशी ठिवली तर जेवल्याबिगर उठून जाईल की त्यो."

मी सगळं लिहीत होतो. अमीनसाहेबांनी शेवटच्या वाक्यावर बोट ठेवलं. "मुन्शीजी, हे ठाणं आहे, मेजवानीचं घर नाही. लपवली, बस. पुढचं कशाला?" मी त्यांच्याकडं पाहिलं. मोहतमीमसाहेब पलीकडं खुर्चीवर बसले होते. मी नवा कागद घेतला, जबाब पहिल्यापासून उतरवला आणि "लपवली" इथं थांबलो. जेवणाचा शब्द कुठंही येऊ दिला नाही.

बघा, त्या कागदात एकही वाक्य खोटं नव्हतं. याचाच मला धक्का बसतो, अजूनही. जबरदस्तीनं घेतली, खरं. तो सोडायला तयार नव्हता, खरं. लपवली, खरं. मोहतमीमसाहेबांच्या छडीलाही हात घातला, तेही खरं. अक्षर सुंदर. वाचणाऱ्याला वाटावं, कोण दरोडेखोर सापडला.

नियमाप्रमाणं मी अप्पांना वाचून दाखवलं. शेवटी आलो तेव्हा त्यांनी एकदा मान वर करून माझ्याकडं पाहिलं. मी नजर कागदावरच ठेवली. "झालं?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. त्यांनी अंगठा दिला.

त्या रात्री चाँद काय करत होता ठाऊक नाही, पण दुसऱ्या दिवशी माझ्यापुढं बसून रडला. "मैं क्या करता, मुन्शीजी? खुद दिया बोलता तो मैं अंदर जाता. बच्चे क्या खाते?" तो पाच लेकरांसाठी खोटं बोलला होता. मी तर नुसत्या सवयीनं गप्प बसलो होतो.

तरीही मनात एकच धरून होतो, की अदालतीत हसण्यावारी जाईल. मानवतच्या बाईसारखं. जास्तीत जास्त दंड होईल, गाव वर्गणी करून भरेल. अप्पांच्या बाजूनं परभणीचा एक भला वकील उभा राहिला. त्यानं रीत सांगितली, गावचे दोन म्हातारे साक्षीला आणले. हाकिमांनी ऐकून घेतलं. मग अप्पांना विचारलं, "बंदूक का घेतली?" वकील डोळ्यांनी खुणावत होता, सांगा, सगळं सांगा. अप्पा म्हणाले, "पाहुणा होता." पुढं एक शब्द नाही. वकिलानं कपाळाला हात लावला.

मग मला बोलावलं. जबाब मीच लिहिला, अक्षर माझंच, हे कबूल करायला. हाकिमांनी सहज विचारावं तसं विचारलं, "याखेरीज आरोपी आणखी काही बोलला होता?"

अमीनसाहेब पहिल्या बाकावर होते. त्यांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. गरजच नव्हती. मी म्हणालो, "नाही, सरकार."

हाकिमांनी निकालात लिहिलं, काठीची रीत असेल, बंदुकीला रीत नसते. जवानाच्या हातातली बंदूक ही सरकारच्या हातातली बंदूक. घेणारा कबूल करतो, लपवल्याचं कबूल करतो, हेतू सांगत नाही. चार वर्षं सक्तमजुरी.

चार वर्षं ऐकून अमीनसाहेबही दचकले, त्यांनाही सहा महिने वाटत होते. बाहेर आल्यावर ते एवढंच म्हणाले, "कागद फारच पक्का झाला." ती माझी तारीफ होती. आयुष्यात तारीफ नकोशी झाली ती तेवढ्या एकदाच. अदालतीच्या ओसरीवरून अप्पांना नेत होते. ते माझ्यापाशी थांबले आणि अगदी हळू विचारलं, "मुन्शीजी, चार वरसं म्हंजी चार उन्हाळे का वो?" मी मान हलवली. ते बरं म्हणाले आणि गेले.

अप्पांनी चारही उन्हाळे आत काढले. चाँदनं नोकरी टिकवली, पण पुढं गस्तीला निघताना तो घरून भाकरी बांधून नेऊ लागला आणि कुणाच्या दारी पाणीसुद्धा पीत नसे. बंदूक मांडीवर आडवी ठेवून झाडाखाली एकटा खायचा. नोंदीत मी त्याची बंदूक लिहायचो तेव्हा आम्ही एकमेकांकडं बघत नव्हतो.

अप्पा सुटून आल्याचं कळूनही मला जायला वर्ष लागलं. तोवर निजामाचा अंमल गेला होता, अमीनसाहेब कुठं गेले पत्ता नव्हता. भिण्यासारखं कुणी उरलं नव्हतं, तेव्हा माझा धीर झाला. यावरून माझ्या धीराची किंमत करा. पेडगावच्या स्टेशनवर उतरलो आणि भर उन्हात चालत गेलो. हातात तीच छत्री होती.

अप्पा ओसरीवर होते. वाळून अर्धे झालेले. मला बघून उठले. "शरणार्थ, मुन्शीजी. या." घोंगडी पसरली, पाण्याचा तांब्या आणून खाली ठेवला. मी छत्री धरून उभा. वाट बघत होतो. त्यांचा हात पुढं येईना. शेवटी मीच छत्री मिटून त्यांच्यापुढं केली. त्यांचे दोन्ही हात एकदम पाठीमागं गेले. विचार करून नव्हे, चटका बसल्यावर जातात तसे.

मला तिथं बसवेना आणि निघवेना. मी सांगून टाकलं. "अप्पा, तुमच्या जबाबातलं एक वाक्य मी लिहिलं नव्हतं."

"जेवणाचं. ठावं हाय मला. तुमी वाचून दाखवलं तवाच ध्यानात आलं."

"मग बोलला का नाही? अदालतीत तरी सांगायचं. त्या एका वाक्यानं सुटला असता."

अप्पा माझ्याकडं नवल करत बघत राहिले. "जेवू घातल्याचं आपल्या तोंडानं कसं सांगावं, मुन्शीजी? आमच्यात तसं बोलून दाखवत न्हाईत. अन् चाँदभाई तर दोन घासांवरून उठला. त्यो जेवला कुठं? मी काय म्हणून सांगणार?"

मला वाटलं होतं, ते चिडतील, शिव्या देतील. त्यांच्या बोलण्यात माझ्यावर रागच नव्हता. त्यांना अजून वाईट वाटत होतं ते त्या अर्ध्या पानाचं.

आक्का आतून बाहेर आल्या. दारात उभं राहून त्यांनी विचारलं, "जेवता का?" त्या घरात हा प्रश्न मी पहिल्यांदा ऐकला. मी हो म्हणालो. पानाशी बसताना मी छत्री भिंतीला टेकवायला गेलो, तर अप्पा घाईनं म्हणाले, "तिथं नगं. मांडीवर ठिवा तुमच्या. तुमची चीज तुमच्याजवळ दिसली म्हंजी बरं."

छत्री मांडीवर आडवी घेऊन मी जेवलो. ज्वारीची भाकरी, वरण, चटणी, सगळं तेच होतं. आक्कांनी दोनदा वाढलं. तिसऱ्यांदा मी नको म्हणालो, तर त्या टोपलं घेऊन आत गेल्या. कोपऱ्यात कणगी होती. मी हात धुतले, अप्पांना नमस्कार केला आणि निघालो. त्या घरातून निघताना छत्री मागावी लागली नाही.